मोंढ्याचा प्रकल्प आणि मधले टेबल

परभणीहून बीसीएच्या तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने लिहिले आहे: "मोंढ्यातील, म्हणजे शेतमालाच्या बाजारातील, शेतकरी आणि आडत दुकानदार यांच्या व्यवहारांवर मी जावा व हायबरनेटमध्ये प्रकल्प केला आहे. दोन्ही क्लास मेनी-टू-मेनी अ‍ॅनोटेशनने जोडले. मुलाखतीत 'वजन आणि भाव कुठे साठवले?' असे विचारल्यावर मला उत्तर देता आले नाही. पुण्याला जाऊन महागडा जावा कोर्स करावा का?"

कोर्सचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण तुमचे अडले ते जावापाशी नसून डेटाबेसपाशी आहे. हायबरनेट हे जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारे साधन आहे, आणि अ‍ॅनोटेशन म्हणजे ते कसे जोडायचे हे सांगणारी कोडमधील खूण.

एक शेतकरी अनेक आडत्यांकडे माल घालतो आणि एका आडत्याकडे अनेक शेतकरी येतात. यालाच मेनी-टू-मेनी नाते म्हणतात. रिलेशनल, म्हणजे टेबलांत माहिती ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये हे नाते दोन टेबलांत मावत नाही. त्यासाठी दोन्हींच्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणारे आयडी) ठेवणारे तिसरे, मधले टेबल लागते. तुमच्या अ‍ॅनोटेशनने ते टेबल परस्पर तयार केले, म्हणून ते तुमच्या नजरेत आले नाही. परंतु त्यात केवळ दोन आयडी असतात. वजन, भाव आणि तारखेला तिथे जागाच नसते. शिवाय तोच शेतकरी त्याच आडत्याकडे हंगामात चार वेळा सोयाबीन घालू शकतो, त्यामुळे दोन आयडींची जोडी प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) म्हणूनही पुरत नाही. मोंढ्यात या नोंदीला पट्टी म्हणतात, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्येही 'पट्टी' हा स्वतःचा आयडी असलेला स्वतंत्र क्लासच हवा; शेतकरी आणि आडत्या या दोघांशीही त्याचे नाते मेनी-टू-वन (अनेक पट्ट्या, पण प्रत्येकीचा शेतकरी एक आणि आडत्या एक) राहील. मुलाखत घेणाऱ्याला बहुधा एवढेच ऐकायचे होते.

मग मेनी-टू-मेनी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. कोणता आडत्या कोणकोणत्या शेतमालाचा व्यापार करतो, इतकीच नोंद हवी असेल तर ते योग्यच आहे. मात्र तिथेही नात्याची मालकी एकाच बाजूकडे असते. ज्या बाजूला मॅप्डबाय (मालकी समोरच्या बाजूकडे आहे, असे सांगणारी सूचना) लिहिले आहे, केवळ तिथल्या यादीत भर घातली तर मधल्या टेबलात काहीच उतरत नाही, आणि विद्यार्थी तासन्‌तास चूक शोधत बसतात. हायबरनेटमध्ये अशा नात्यासाठी लिस्टऐवजी सेट (तोच घटक दोनदा न ठेवणारा संग्रह) वापरावा, कारण साध्या लिस्टमधून एक घटक काढला तरी त्या मालकाच्या मधल्या टेबलातील सर्व ओळी पुसून उरलेल्या पुन्हा भरल्या जातात. कॅस्केड रिमूव्ह (एक नोंद काढली की तिला जोडलेल्या नोंदीही काढणारे सेटिंग) तर येथे लावूच नये. एक आडत्या काढताना सोयाबीनची मूळ नोंदच पुसण्याचा प्रयत्न होईल.

घरच्या संगणकावर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये ही टेबले आधी हाताने लिहा, जॉइन (टेबले एकत्र जोडून वाचणे) लावून एका शेतकऱ्याच्या सर्व पट्ट्या काढा, आणि त्यानंतरच हायबरनेट जोडून, त्याचे शो-एसक्यूएल सेटिंग चालू ठेवून, ते नेमक्या कोणत्या क्वेरी पाठवते ते वाचा. याला पैसे लागत नाहीत. प्रकल्प असा दुरुस्त करून पुढच्या एक-दोन मुलाखती द्या. तिथे जावाच्या मूळ संकल्पनांवरच अडखळलात, तर कोर्सचा विचार जरूर करा, आणि तोही आधी छत्रपती संभाजीनगरला चौकशी करून.