अकराव्या महिन्यातील विकासचाचणीवरून मुलाची पुढची बुद्धी कळते का?

ऐरोलीतील आपल्या अकरा महिन्यांच्या मुलीचा डीएएसआयआय ह्या भारतीय बाळांचा विकास मोजणाऱ्या चाचणीतील मानसिक विकासांक 82 आला, तर ती पुढे शाळेत मागे पडेल का, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात ह्याच चाचण्या घेते, आणि एवढ्या एका अंकावरून तसे म्हणता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी तो अंकच तपासून घ्यावा. मुलगी 34 व्या आठवड्यात जन्मली असे आपण लिहिता, पण अहवालात वय जन्मतारखेवरून पूर्ण अकरा महिने धरले आहे. विकासवयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की विकासांक मिळतो, म्हणजे 82 अंकाची आपली मुलगी साधारण नऊ महिन्यांच्या बाळाएवढे करते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजतात. पूर्ण 40 आठवड्यांना कमी पडलेले सहा आठवडे वजा केले की तिचे वय साडेनऊ महिन्यांच्या थोडे पुढे येते आणि तोच अंक 94 च्या आसपास जातो.

ह्या वयात तपासतात तरी काय? बाळाच्या डोळ्यांदेखत मी एक ठोकळा कपाखाली झाकते आणि ते कप उचलून ठोकळा घेते की कपाशीच खेळत बसते, हे टिपते. झोपमोड झालेले किंवा सर्दीने बेजार बाळ कपाला हातही लावत नाही, आणि अंक खाली येतो. सात वर्षांच्या मुलाला मात्र शब्दांचे अर्थ आणि आकृत्यांमधील संबंध विचारतात. ही कामेच वेगळी आहेत.

1928 साली अमेरिकेतील बर्कलीत सुरू झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांनी तीच मुले वर्षानुवर्षे तपासली, तेव्हा पहिल्या वर्षातील गुणांचा शालेय वयातील बुद्ध्यंकाशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. अमेरिकेतल्याच क्लीव्हलंडच्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मतः एक किलोपेक्षा कमी वजन असलेल्या मुलांपैकी 39 टक्के मुलांचे गुण वीस महिन्यांच्या दुरुस्त वयात 70 च्या खाली होते. आठव्या वर्षी हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले.

म्हणून चाचणी निरुपयोगी आहे, असे कृपया समजू नये. अंक 70 च्या बराच खाली असेल, पुन्हा तपासूनही तसाच राहत असेल आणि सोबत स्नायूंचा ताठरपणा किंवा फिट्स असतील, तर पुढच्या अडचणींचा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो, आणि अशा बाळाची थेरपी लांबवणे मला अजिबात मान्य नाही.

आपण दुरुस्त वयाने अंक पुन्हा काढून मागावा, कानांची बेरा तपासणी (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी) झाली नसल्यास ती करून घ्यावी आणि दीड वर्षाच्या सुमारास चाचणी पुन्हा करावी; तोवर तिच्यात बोलण्या-समजण्याचे प्रश्न वाढतात आणि अंदाजाला थोडा अधिक आधार मिळतो.