आई ख्रिस्ती होती, शिक्षिका होती. तिच्या स्मरणार्थ काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईला जाऊन वर्ष होत आलं, ती जन्मभर प्राथमिक शिक्षिका होती, चर्चच्या महिला मंडळात होती, आपल्यात वर्षश्राद्ध नसतं, म्हणून भावंडं मिळून चर्चला तिच्या नावाचा बाक द्यावा की कबर ग्रॅनाइटमध्ये बांधून घ्यावी. माझं उत्तर, ग्रॅनाइट अजिबात नको. बाकाबद्दल खाली लिहिते.

माझी आई अगदी अशीच होती, म्हणून राहवलं नाही. आम्ही नगरचे (आता अहिल्यानगर म्हणतात, आमच्या तोंडात नगरच बसलंय). आई जिल्हा परिषदेच्या शाळेत, पाथर्डी तालुक्यात. पप्पा एसटीत ड्रायव्हर, त्यांची बहुतेक मुक्कामी गाडी, त्यामुळे घर, शाळा, देव सगळं आईच बघायची. तिचं पवित्र शास्त्र अजून माझ्याकडे आहे, काळ्या रेक्झिनचं चेनवालं कव्हर, चेन बिघडलेली म्हणून वरून रबरबँड लावलेलं. पहाटे चहाच्या आधी ती प्रार्थनेला बसायची आणि वर्गातल्या पोरांची नावं घ्यायची, हजेरीच्या क्रमानं, आडनावासकट. मध्येच एखाद्या नावापाशी थांबायची, याच्या बापानं पुन्हा दारू धरलीय, हिची खरूज बरी होत नाहीये, याला बेरजेत हातचा धरता येत नाही, हे सगळं देवाला सांगून मग पुढचं नाव. अंथरुणात पडून आम्हाला अख्खा वर्ग पाठ झाला होता. स्तोत्रांच्या पानांना कडेनं पेन्सिलीनं नावं लिहिलेली आहेत, काही पुसट झालीत.

आता पाथर्डीकडचं ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, ट्रक नाहीतर ट्रॅक्टर भरून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला. पोरंही सोबत. मुलगा एकवेळ म्हातारीपाशी ठेवतील, पण मुलगी न्यायचीच, कारण कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) लहान भावंडाला सांभाळायला आणि भाकरी टाकायला ती लागते. पाडव्याच्या आसपास परत येते तोवर जे शिकलेली असते ते सगळं गेलेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि चौथीपाचवीत शाळा सुटते ती सुटतेच. आता हंगामी वसतिगृहं वगैरे योजना आहेत, तेव्हा आमच्या गावात काही नव्हतं. आई दिवाळीच्या सुट्टीत घरोघर जाऊन बायांच्या विनवण्या करायची की मुलीला ठेवून जा, आजीकडे ठेव, आजी नसेल तर माझ्याकडे ठेव. आणि खरंच ठेवायची. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात आम्ही आणि तीनचार पोरी. ज्वारी कधी त्यांचे आईबाप देऊन जायचे, कधी नाही.

एका वर्षी कुणीतरी वर अर्ज केला की बाई ख्रिश्चन आहेत, मुली घरात ठेवून बाटवतात. कोणी केला ते आम्हाला चांगलं माहिती होतं, पण नाव घेत नाही, तो माणूस आता हयात नाही. पंचायत समितीतून साहेब चौकशीला आले, शाळेत नाही, थेट घरी, संध्याकाळी, म्हणजे बरोब्बर आमच्या प्रार्थनेच्या वेळी. आमच्या घरी दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना व्हायचीच, त्यात खंड नाही, पाहुणा असो की ताप असो. पण आईचा नियम असा की आपण बसायच्या आधी या पोरींनी त्यांचं शुभं करोति म्हणायचं, आणि एखादीनं आळस केला तर आईच ओरडायची, "घरी म्हणतेस ना, मग इथं का नाही?" त्या म्हणायच्या, मग पुढच्या खोलीत अभ्यासाला बसायच्या, आणि आम्ही आतल्या खोलीत गीत म्हणायचो. साहेबांनी एका पोरीला विचारलं की बाई तुम्हाला काय म्हणायला लावतात. ती उभी राहिली, हात मागे बांधले आणि अडीचकी सुरू केली. साहेब म्हणाले तसं नाही, प्रार्थना कोणती म्हणता. तर म्हणाली, "बाई त्यांची म्हणतात, आम्ही आमची म्हणतो."

त्याच पोरीची आजी तेवढ्यात आली, माळकरी म्हातारी, दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला जाणारी. तिनं साहेबांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी साहेब शाळेत आले तेव्हा तिनं फक्त हजेरीपट उघडून समोर ठेवला. पौष, माघ, सगळे दिवस त्या पोरींच्या नावापुढे हजेरी, आणि त्याच वर्गात बाकी निम्म्या नावांपुढे गैरहजर. चौकशी तिथेच संपली. लेखी काही मिळालं नाही, दिलगिरी तर नाहीच. आई मात्र पुढच्या दिवाळीला परत घरोघर फिरली.

हे एवढं लांबण का लावलं, तर लोकांना आजही वाटतं की आमच्या बायका भाविक म्हणजे प्रचारक. अहो, अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ पासून, सिंथिया फरार बाईंनी याच गावात मुलींना शिकवलं, खुद्द सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला त्यांच्याकडे घेतलं. माझी पणजी त्याच मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली, गावकुसाबाहेरच्या पोरीला दुसरं कोण शिकवणार होतं? आमच्या घरात येशू आणि पाटी एकाच दारानं आले. आईला विचारलं असतं की तुझी भक्ती कुठे संपते आणि नोकरी कुठे सुरू होते, तर तिला प्रश्नच कळला नसता. पोराला वाचता येईपर्यंत ती स्वतःला देवाची देणेकरी समजायची. मिशनऱ्यांनी सगळं चांगलंच केलं असं माझं म्हणणं नाही, त्यांच्या बंगल्यात आणि आमच्या वस्तीत अंतर होतंच, पण तो विषय वेगळा.

आता ग्रॅनाइट. आई गेल्यावर दादानं ठरवलं की कबर अशी बांधायची की दफनभूमीच्या फाटकातून दिसली पाहिजे. काळा ग्रॅनाइट, वर फोटो कोरलेला, संगमरवरी क्रूस, दीड लाखाचं कोटेशन. मी म्हटलं आईनं स्वतः सांगितलं होतं, सिमेंटचा साधा क्रूस, नाव आणि दोन तारखा, बस. दादा भडकला. त्याचं म्हणणं, आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या पोरींवर घर उधळलं, मी दहावीला असताना त्या पोरी आत झोपायच्या आणि मी पडवीत थंडीत अभ्यास करायचो, आता निदान तिच्या नावावर तरी काहीतरी आपलं असू दे. त्याचं दुखणं खोटं नाही. पडवीत खरंच गारठा असायचा. पण त्याचा हिशोब आईशी होता आणि तो तिनं जिवंतपणी ऐकून घेतला असता, तिच्या कबरीवर दगड चढवून तो कसा फिटणार? भाऊबंद सगळे त्याच्या बाजूनं, "मोठा मुलगा आहे, करू दे." केलं. दरवर्षी ईस्टरच्या पहाटे आम्ही तिथे मेणबत्त्या लावतो आणि दरवर्षी तो फोटो बघून माझं डोकं फिरतं, कारण फोटोतली बाई हातात पर्स घेऊन लग्नाला निघालेली आहे, आमच्या आईच्या हाताला कायम खडू लागलेला असायचा.

बाकाचं म्हणाल तर तुमच्या चर्चमध्ये आधीच किती बाकांवर "यांच्या स्मरणार्थ" आहे ते मोजा. पंख्यावर पण असेल. आमच्याकडे तर पंख्याच्या पात्यांवर नावं आहेत, पंखा चालू असला की कुणाचं ते वाचता येत नाही. चर्चला खरंच बाकांची गरज असेल, पाळकसाहेब स्वतः म्हणाले असतील, तर जरूर द्या, नाव न घालता द्या. शाळेत तिच्या नावानं बक्षीस ठेवणार असाल तर ठेव ठेवून मोकळे होऊ नका. वीसतीस वर्षांपूर्वी ठेवलेल्या ठेवींच्या व्याजात आज एक कंपासपेटी येते, आणि ती घ्यायला पोराला स्टेजवर टाळ्यांत उभं करतात.

त्यापेक्षा एक मुलगी धरा. एकच. तुमच्या आईच्या शाळेच्या गावातली, बारावी झालेली, आणि तिचं जीएनएम नर्सिंग नाहीतर डीएलएड (शिक्षिकेची पदविका) पूर्ण होईपर्यंतचं सगळं बघा, फी, हॉस्टेल, मेस, एसटीचा पास, मोबाइलचा रिचार्जसुद्धा. पैसे थेट कॉलेजात भरा, मामाकाकांच्या हातात देऊ नका. ती ख्रिस्तीच असावी अशी अट घालू नका, माझ्या आईनं हजेरीत जात बघितली नाही आणि तुमच्याही बघितली नसणार. शाळा आठवत नसतील तर आईच्या पेन्शनच्या फाइलीत सेवापुस्तकाची प्रत असेल, त्यात बदल्यांच्या नोंदी असतात, कोणत्या गावात कधी रुजू झाल्या सगळं सापडेल. भावंडांनी मिळून त्या गावांना जाऊन या. तिथे पारावर नुसतं "आम्ही अमक्या बाईंची मुलं" म्हणा, पुढचं गाव सांगेल.

एवढं सांगून हेही सांगते की तुमच्या घरात यावरून भांडण होणार असेल तर माझं ऐकू नका. आईच्या आजारपणात दवाखान्यातल्या सगळ्या रात्री दादानंच काढल्या, मी पुण्याहून शनिवार-रविवारी जायचे, आणि हे सगळ्यांसमोर लिहिलं पाहिजे. ग्रॅनाइट तरीही चूकच होता.

दादा, तू इथे उत्तरं वाचतोस मला माहितीये. सुरेगावच्या पोरीची दुसऱ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायचीय. अर्धी तू भर. पावती तुझ्या नावानं घे हवी तर.