अडॅप्टिव्ह परीक्षेत, म्हणजे तुमच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलणाऱ्या संगणकावरच्या परीक्षेत, दोघांची सारखीच उत्तरं बरोबर आली, तरी गुण वेगळे कसे?

कारण दोघांना आलेले प्रश्न वेगळे होते. इथे किती उत्तरं बरोबर आली यापेक्षा किती अवघड प्रश्नांची बरोबर आली, याला जास्त वजन असतं.

प्रश्नपेढीतला प्रत्येक प्रश्न आधी बऱ्याच परीक्षार्थींवर आजमावून त्याची काठिण्यपातळी आकड्यात ठरवलेली असते. तुम्ही उत्तर दिलंत की संगणक तुमच्या क्षमतेचा अंदाज सुधारतो आणि पुढचा प्रश्न त्या अंदाजाच्या जवळपासचा काढतो. म्हणजे तो तुम्हाला येण्याची आणि न येण्याची शक्यता साधारण निम्मी-निम्मी. त्यामुळे हुशार मुलांचीही पुष्कळ उत्तरं चुकतात आणि बाहेर पडताना बहुतेकांचा चेहरा पडलेला असतो! पेपर अवघड गेला म्हणजे गुण कमी, हा हिशेब इथे चालत नाही.

प्रश्नांची संख्याही सारखी असेलच असं नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या एनक्लेक्स परीक्षेत पास की नापास याची 95 टक्के खात्री पटली, की किमान प्रश्न झालेले असल्यास परीक्षा तिथेच थांबते.

प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न ठरत असल्याने मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेत मात्र 2011 पासून प्रश्नागणिक नाही, तर विभागागणिक काठिण्य बदलतं, त्यामुळे विभागाच्या आत मागेपुढे जाता येतं. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या डिजिटल सॅट परीक्षेचंही तसंच.

आणि सुरुवातीचा एखादा प्रश्न चुकला तर घाबरू नका, पुढच्या उत्तरांनी अंदाज पुन्हा वर जातो.