आईचा जुना रिपोर्ट चुकीचा होता का?

ताई, 2019 मध्ये आईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ इआर पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा ग्राहक असलेली) निघाली, पाच वर्षं लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी झाली, आणि आता यकृतातल्या गाठीची बायोप्सी इआर निगेटिव्ह. ‘तेव्हा चुकलं की आता?’ असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये 22 वर्षं ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठींचे तुकडे, कापले. दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात, हे आधी सांगते.

दुधाच्या नळीतल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. टीजीएफ-बीटासारखा संकेत आला की स्नेल, ट्विस्ट, झेब1 ही नियंत्रक प्रथिनं जागी होतात आणि ई-कॅडहेरिनचं जनुक दाबून टाकतात. पकड सुटते, पेशी लांबट होऊन सरकू लागते. हाच स्नेल इआरचं जनुकही दाबू शकतो. म्हणजे डीएनएचं एक अक्षरही न बदलता पेशीचा स्वभाव बदलतो. शिवाय झेब1 आणि मायक्रोआरएनए-200 (जनुकांना आवर घालणारे छोटे आरएनए) एकमेकांना दाबतात, त्यामुळे पेशी पुन्हा मागेही फिरू शकते. कित्येकदा ती मध्येच थांबते, थोडी घट्ट, थोडी सैल. मला सगळ्यात भीती वाटते ती या मधल्या अवस्थेची, कारण अशा पेशी घोळक्याने प्रवास करतात आणि नव्या जागी तग धरतात.

पण ही एकच वाट आहे असं धरू नका. पहिल्या गाठीत इआर निगेटिव्ह पेशी थोड्या आधीच असतील, आणि गोळ्यांनी बाकीच्या मेल्यावर त्याच उरल्या असतील. 2015 मधल्या उंदरांवरच्या अभ्यासांत तर पकड सुटण्याचा हा बदल न होताही गाठ पसरलेली दिसली. केमोला दाद न देण्यात मात्र त्याचा हात होता.

म्हणूनच डॉक्टरांनी नवी बायोप्सी मागितली ते योग्य झालं. पुढचे उपचार आजच्या पेशी पाहूनच ठरायला हवेत. नव्या नमुन्याचा हर2 (उपचार ठरवायला बघतात ते पेशीवरचं आणखी एक प्रथिन) रिपोर्ट आला का, ते विचारा. मनातली शंका जात नसेल तर जुना ब्लॉक मागून घ्या, दोन्ही स्लाइड एकाच पॅथॉलॉजिस्टला शेजारी ठेवून बघू द्या. त्यासाठी उपचार मात्र अडवू नका. ब्लॉक मेणाचा असतो, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात बंद गाडीत ठेवलात तर मऊ पडेल. घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या.