ऑर्डर-स्टॉकची चाचणी आणि महागडा कोर्स

प्रश्न : बी.कॉम. झालोय, एमएस-सीआयटी केलंय. भिवंडीतल्या एका गोदामात इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्हच्या मुलाखतीत एक्सेलच्या ऑर्डर आणि स्टॉक अशा दोन शीट दिल्या आणि ‘कुठल्या ऑर्डरी निघतील ते काढा’ म्हणाले. मी व्हीलूकअपने (कोड शोधून त्याच्यासमोरचा आकडा आणणारा फॉर्म्युला) स्टॉक आणून तुलना केली. काही ओळींत एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, आलं, बाकी सगळीकडे ‘माल आहे’. निवड झाली नाही. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करू का? फी बरीच आहे.

उत्तर : आत्ता नको. तुमचं अडलंय ते हिशोबात, आणि तो घरी बसून पक्का होतो.

समजा, एका मालाच्या ५० पेट्या आहेत आणि ऑर्डरी ३०, १५ व २० पेट्यांच्या. एकेक ऑर्डर ५०शी ताडली तर तिन्ही पास होतात. मागणी मात्र ६५ आहे. पहिल्या दोघांना ४५ गेल्यावर तिसऱ्याच्या वाट्याला ५च उरतात. तुमच्या शीटने हे पाहिलंच नाही.

ऑर्डरी आधी तारखेप्रमाणे लावा. मग शेजारच्या कॉलममध्ये सम-इफ्सने (अट जुळणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारा फॉर्म्युला) त्या मालाच्या ऑर्डरींची चालती, म्हणजे त्या ओळीपर्यंतची, बेरीज काढा : रेंजची पहिली सेल डॉलर चिन्हाने पक्की, शेवटची मोकळी. माल-कोडच्या रेंजलाही तसंच. फॉर्म्युला खाली ओढला की रेंज ओळीओळीने वाढत जाते. या बेरजेतून चालू ऑर्डर वजा केली की आधीच्यांनी किती उचललं ते कळतं. ते स्टॉकमधून वजा करा. उरलेला माल आणि ऑर्डर यांतला लहान आकडा मिनने घ्या. उत्तर शून्याखाली जाऊ नये म्हणून बाहेरून शून्यासह मॅक्स लावा. वरच्या उदाहरणात ३०, १५, ५ आलं पाहिजे.

स्टॉकसुद्धा सम-इफ्सनेच आणा. व्हीलूकअप पहिली सापडलेली ओळ देऊन थांबतो, त्यामुळे त्याच मालाची दुसरी बॅच सुटते. मात्र सम-इफ्सची खोड अशी, की कोड सापडला नाही तरी तो गपचूप शून्य देतो. माल संपलाय की कोडच चुकलाय, हे काउंट-इफने (कोड किती ओळींत आहे ते मोजणारा फॉर्म्युला) वेगळं तपासावं लागतं. शिवाय ‘०१२’ आणि ‘१२’ हे त्याच्या लेखी एकच.

एन/एचं कारण बहुधा कोडचं रूप : एका शीटमध्ये तो मजकूर, दुसरीत संख्या. किंवा मागे चिकटलेली स्पेस. ती ट्रिमने जाते, पण वेबवरच्या सिस्टिममधून उतरवलेल्या फाइलमध्ये कॅरेक्टर १६० (स्पेससारखंच दिसणारं वेगळं चिन्ह) असेल तर नाही. तिथे सब्स्टिट्यूटने ते चिन्ह काढून टाका. ८९०ने सुरू होणारे १३ अंकी बारकोड असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडून सेव्ह करू नका. आकडा ‘८.९ई+१२’ असा दिसू लागतो आणि तसाच सेव्ह झाला की मूळ अंक गेलेच.

ऑर्डर नगांत आणि स्टॉक पेटीत आहे का, आणि स्टॉकच्या आकड्यात खराब किंवा आधीच राखून ठेवलेला माल धरलाय का, हे मुलाखतीत आधीच विचारा. असं विचारणारा उमेदवार गोदामवाल्यांना हवाच असतो.

हे हातात बसलं की एक्सेलमधलं पिव्होट टेबल (डेटाचा गोषवारा काढायला) आणि पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करायला) शिका, आणि एमआयएस एक्झिक्युटिव्ह (कंपनीचे रिपोर्ट बनवणारा), डिस्पॅच कोऑर्डिनेटर या जागांनाही अर्ज करा. एसक्यूएलचा (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कोर्स नोकरी लागल्यावर, पगारातून.