इंदूरला आजोबांनी १९६० च्या सुमारास बांधलेलं घर आहे, जुनं फर्निचर ठेवून आजच्या सोयीचं कसं करू?

आधी वायरिंग बघा, सोफा-बिफा नंतर. त्या काळच्या घरात बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, त्यामुळे एसी-गीझर लावण्याआधी तांब्याची नवी वायर, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हे सगळं रंगाच्या आधी उरकून घ्या नाहीतर भिंती दोनदा फोडाल.

मोझेकची फरशी मात्र प्लीज उखडू नका, ठेकेदार म्हणेलच की वरून टाइल्स चिकटवून देतो. मशीनने घासून पॉलिश करून घ्या, आणि बाथरूमचं ॲसिड तिच्यावर अजिबात नको, संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट दोन्ही खातं ते.

सागवानी फर्निचरवर सनमायका नको (बघवत नाही!). जुनं पॉलिश बहुतेक लाखेचं असतं, कापसाला स्पिरिट लावून मागच्या बाजूला घासून बघा, चिकट होऊन निघालं तर लाखेचंच, मग सगळं न खरवडता त्यावरच पुन्हा तेच पॉलिश चढतं. वेताच्या खुर्च्या विणून घ्या, गाद्या तेवढ्या नव्या.

आणि भंगारवाल्याला काही देऊ नका हो, आपल्या इंदूरच्या होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यातलं १९३० च्या दशकातलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं. किचन मात्र बिनधास्त नवं करा.