ट्रॅप-स्कीट (हवेत उडवलेल्या चकत्या शॉटगनने फोडायचे नेमबाजीचे खेळ) सुरू करायचंय, १२ बोअर घेऊ का २०? आणि बॅरल (नळी) २८ इंची का ३०?

सरळ १२ बोअर घ्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद). ऑलिंपिकच्या ट्रॅप-स्कीटला सगळे तीच वापरतात, काडतुसात छर्रा जास्तीत जास्त २४ ग्रॅम चालतो, आणि एवढ्या हलक्या लोडला साडेतीन किलोच्या आसपासची १२ बोअर काही फार धक्का देत नाही. २० बोअरला धक्का कमी असं सगळे सांगतात पण ती गन मुळातच हलकी असते, त्यात तेच २४ ग्रॅम घातले तर उलट खांदा जास्त दुखतो. शिवाय १२ ची टार्गेट काडतुसं मिळायला सोपी. अंगकाठी अगदीच लहान असेल, गन उचलूनच हात भरून येत असतील, तर मात्र २० चा विचार करा, २१ ग्रॅमचा लोड लावून.

बॅरलचं म्हणाल तर ट्रॅपला ३० किंवा ३२, स्कीटला २८ किंवा ३०. लांब नळीने छर्रा लांब जातो वगैरे काही नसतं हो, दोन इंचाने वेगात नावापुरता फरक. खरा फरक स्विंगमध्ये, म्हणजे उडत्या चकतीबरोबर गन फिरवण्यात, पुढे वजन आलं की गन एकसारखी फिरते, मध्येच थांबत नाही, आणि क्ले (ती उडती चकती) हुकतो तो बहुतेक वेळा गन थांबल्यामुळेच. दोन्ही खेळायचं असेल तर ओव्हर-अंडरमध्ये (एकावर एक दोन नळ्यांची गन) ३० घ्या. सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी एकनळी गन) घेणार असाल तर २८ पुरे, रिसीव्हरच (नळीमागचा यंत्राचा भाग) लांब असतो त्यामुळे एकूण लांबी तेवढीच होते.

आणि स्टॉक (खांद्याला टेकतो तो दस्ता) मापाचा आहे का ते आधी बघा, गाल टेकवल्यावर रिबवरून (नळीवरच्या पट्टीवरून) सरळ दिसलं पाहिजे.